पहिला अर्थ

अंधेरी पूर्व
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

देवदत्त,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. आज मला भांडायचं आहे.

तू मला फोनवर ब्लॉक केलंयस हे कळायला मला चार दिवस लागले. मेसेजसमोर एकच टिक येत होती. मला वाटलं, मुलुंडला तुझ्या सासुरवाडीत रेंज नसेल. शेवटी खालच्या मजल्यावरच्या रेगे वहिनींना फोन दाखवला. त्या म्हणाल्या, "पद्मजाताई, रेंज कसली? ब्लॉक केलंय तुम्हाला." एकाहत्तराव्या वर्षी पोटच्या मुलाची ही बातमी शेजारणीच्या तोंडून ऐकली मी. म्हणून हे पत्र. टपालाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

रविवारी टेम्पोत सामान चढवताना तू मला अबोलीसमोर घरभेदी म्हणालास. "सख्ख्या नातीला तोंडघशी पाडून आलीस," असंही म्हणालास. काल तुझ्या सासूबाईंचा, श्वेताच्या आईचा फोन आला होता. तू त्यांना म्हणे सांगितलंस, की शाळेत मुलींची गंमत चालली होती आणि आजीने तिचा इश्यू केला. गंमत! ठीक आहे. मग काय काय झालं ते तारीखवार लिहिते. बत्तीस वर्षं त्याच शाळेत मराठी शिकवलं, क्रम चुकलेला मला खपत नाही. वाचताना एखादं वाक्य खोटं वाटलं तर त्याच्याखाली लाल रेघ मार आणि पत्र परत पाठव.

जूनमध्ये नववी ब ची मॉनिटर गंधाली घाडी झाली. साकीनाक्याची मुलगी, वडील सुबोध घाडी एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतात. अबोलीने वर्गात मोबाईल आणला म्हणून गंधालीने तिचं नाव बाईंना दिलं. मॉनिटरचं कामच ते. त्या दिवशी दुपारी अबोलीने वर्गातल्या मुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गंधालीच्या नावापुढे तीन इंग्रजी अक्षरं टाकली. के, वाय, एस. मग तिच्या पाच मैत्रिणींनी टाकली. मग रोज. गंधालीने गृहपाठ विचारला, खाली के वाय एस. ताप आलाय म्हणून कळवलं, के वाय एस. तिच्या वाढदिवसाला केकचं चित्र आणि त्याच्याखाली के वाय एस. सुबोधने नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून सगळ्याच्या प्रिंट काढून शाळेत नेल्या. त्रेपन्न वेळा होतं ते.

शाळेने दोन्ही घरच्यांना १८ जुलैला बोलावलं. आदल्या दिवशी चहाच्या वेळी तू माझ्यापुढे एक कागद ठेवलास.

"आई, उद्या मला आणि श्वेताला सुट्टी मिळत नाहीये. तू जाऊन ये. मुख्याध्यापिका तुझ्याच हाताखाली तयार झालेली आहे. काही नाही गं, मुलांची शॉर्टफॉर्मची भाषा, त्या माणसाला कळलेली नाही. नेटवरून काढलंय बघ, सगळे अर्थ दिलेत."

इंटरनेटवरच्या लघुरूपांची यादी होती. के वाय एस म्हणजे 'कीप युअरसेल्फ सेफ', स्वतःला जप. के वाय एस म्हणजे 'नो युअरसेल्फ', स्वतःला ओळख. खाली आणखी एकदोन. मी तुला विचारलं, "मग ती मुलगी रडते कशाला?" तू बिस्कीट बुडवत म्हणालास, "हल्लीची मुलं कशालाही रडतात."

मी गेले. इस्त्रीची साडी नेसून गेले. मुख्याध्यापिका टिपणीस बाई मला बघून खुर्चीवरून उठल्या. मी चष्मा लावून तुझा कागद मोठ्याने वाचला, वर्गात धडा वाचावा तसा. गंधाली उभी राहिली. "बाई, त्याचा अर्थ तसा नसतो." मी म्हटलं, "बाळ, इथे छापलंय. खाली बस." सुबोधने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. वीस मिनिटांत प्रकरण मिटलं. येताना मी अबोलीला फालुदा खायला घातला.

१ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजता टिपणीस बाईंचा फोन. "बाई, गंधाली अजून घरी पोचलेली नाही. तिच्या घरचे शोधतायत. अबोलीला काही माहीत आहे का, विचारता?" मी अबोलीच्या खोलीत गेले. तिचं तोंड पांढरं पडलं. म्हणाली, "आजी, ती खरंच काही करणार नाही ना?"

"काय करणार नाही?"

तेव्हा तिने मला खरा अर्थ सांगितला, इंग्रजीत. 'किल युअरसेल्फ.' मी म्हटलं, मराठीत सांग. तिला सांगता येईना. शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जीव दे."

देवदत्त, दीड तास आम्ही दोघी त्या पलंगावर बसून होतो. साडेसातला सुबोधचा शाळेला फोन गेला की पोरगी सापडली. ती शाळा सुटल्यावर आरे कॉलनीच्या बसमध्ये बसली होती आणि आत कुठेतरी तबेल्यांपाशी उतरून बसस्टॉपवरच्या कट्ट्यावर बसून राहिली होती. तिथे काम करणाऱ्या द्रौपदी नावाच्या एका बाईने युनिफॉर्ममधली एकटी मुलगी बघितली, जवळ बसवून चहा पाजला, बापाचा नंबर काढून घेतला आणि तो येईपर्यंत तिचा हात सोडला नाही. त्या बाईला इंग्रजीचं एक अक्षर येत नसेल.

तू आठ वाजता घरी आलास. मी सगळं सांगितलं. तुझे शब्द होते, "सापडली ना? मग झालं. आता परत तो विषय नको."

मी तुझ्यासमोरच फोनवर ती तीन अक्षरं टाकली. तेच पान उघडलं, तोच रंग, तीच यादी. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, अबोलीने सांगितलेला अर्थ. तुझ्या कागदावर ती ओळ नव्हती. मी तुझ्याकडे बघितलं तर तू म्हणालास, "आई, मी बाप आहे. काय करायला पाहिजे होतं मी?"

सोमवारी शाळेत जाऊन मी लिहून दिलं की १८ जुलैला मी जे वाचलं ते अर्धवट होतं आणि त्या शब्दाचा पहिला अर्थ काय आहे. खाली सही केली. एवढंच केलं मी. याला तू घरभेदीपणा म्हणतोस.

तू मला फसवलंस. ते एक वेळ मी गिळलं असतं, आया गिळतात. पण माझा आवाज वापरून तू एका चौदा वर्षांच्या मुलीला खोटं पाडलंस. तुला ठाऊक होतं, त्या खोलीत मी वाचलेलं कुणी तपासून बघणार नाही. म्हणून सुट्टी मिळत नव्हती, नाही का?

उत्तर पाठव.

आई


शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

देवदत्त,

नऊ दिवस झाले. लाल रेघाही नाहीत.

शाळेने बाकीच्या पाच मुलींना आठवडाभर घरी बसवलं, आईबापांना बोलावलं, समुपदेशक बाईंकडे पाठवलं. पालकांच्या ग्रुपवर माझा उद्धार चाललाय, तो रेगे वहिनींच्या सुनेने मला दाखवला. एका गृहस्थांनी लिहिलंय, 'आर आय पी आपल्या शाळेचं नाव'. दुसऱ्या बाई लिहितात, 'ओ एम जी, आजीबाईंना काही काम नाही का?' त्याच्यावर बारा जणांनी हसून रडणारं तोंड टाकलंय. मुलींनी काय वेगळं केलं मग? घरीच तर शिकल्या.

मी आता एक वही केलीय. फोनवर बघून सगळी लघुरूपं आणि त्यांचे अर्थ उतरवून काढते. पुष्कळशी निरुपद्रवी आहेत, काही तर गोड आहेत. 'बी आर बी', आलेच परत. 'टी सी', काळजी घे. 'आय डी सी' मात्र मला लागलं. मला काय त्याचं! आणि समोरच्या माणसाला गप्प बस म्हणायचं ते चार अक्षरी इतकं घाणेरडं आहे की वहीत उतरवताना मी पुढे फुली मारली.

पत्रलेखन शिकवताना मीच मुलांकडून घोकून घेत होते ना रे? सा. न. वि. वि. म्हणजे काय? शि. सा. न. म्हणजे काय? चि. म्हणजे? पूर्ण रूप न लिहिणाऱ्याचा मी अर्धा मार्क कापायची. परवा वही लिहिता लिहिता एकदम हात थांबला. आपण लहान मुलाच्या नावाआधी जे एक अक्षर लिहितो, त्याचा अर्थ 'खूप वर्षं जग' असा आहे. लग्नपत्रिकेवर लिहितो, पाकिटावर लिहितो, विचारही न करता लिहितो. आणि माझ्या नातीने, माझ्याच घरात बसून, दुसऱ्याच्या मुलीच्या नावापुढे काय लिहिलं? मला इतका संताप आला की मी वही भिरकावली. मग वाकून मलाच उचलावी लागली, गुडघे दुखत असताना.

मंगळवारी मी साकीनाक्याला जाऊन आले. घाडींच्या घरी.

मेट्रो स्टेशनच्या मागे, वर्कशॉपच्या गल्लीतून आत, पहिला मजला. खाली पत्रा कापायचं मशीन चालू असतं, बोलायचं तर दार लावावं लागतं. गणपतीला गावी जायची तयारी चालली होती, बॅगा उघड्या पडल्या होत्या. गंधाली मला बघून आतल्या खोलीत निघून गेली. सुबोधने खुर्ची पुसली. "बसा ना बाई." ते ऐकून मला बसवेना.

मी उभ्यानेच म्हटलं, "मी माफी मागायला आलेय."

तो म्हणाला, "बाई, मी शहाण्णवच्या बॅचचा. तुम्ही ओळखलं नसणार, मागच्या बाकावर बसायचो. तुम्ही मला निबंधात दहापैकी आठ दिले होते, ते पान अजून गावच्या घरी आहे."

मग तोच पुढे सांगायला लागला.

"त्या दिवशी शाळेतून घरी आल्यावर पोरगी बोलली, पप्पा, त्या बाई अर्धंच वाचतायत. मी तिच्यावर ओरडलो. बोललो, तू तोंड सांभाळ, बाई कधी खोटं बोलणार नाहीत. दोन आठवडे ती घरात काही बोललीच नाही. मग ती आरेला गेली." त्याने उघडी बॅग पायाने बाजूला सारली. मग तो म्हणाला, "पोरीवर नाही ठेवला विश्वास, बाई. तुमच्यावर ठेवला."

त्याच्या आवाजात राग नव्हता रे. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

राग होता तो त्याच्या आईला. सोनूबाई, माझ्याच वयाच्या असतील. बॅगेत कपडे कोंबता कोंबता माझ्याकडे न बघता मालवणीत म्हणाल्या, "बाईनू, माका लिवाक-वाचूक येणा नाय. पण चेडू रडता ता माका दिसत हुता. तुमका शिकलेल्यांका कसा दिसला नाय?" चेडू म्हणजे पोरगी, तुला ठाऊक नसेल.

चहा मिळाला नाही. मिळायला नकोच होता. परत येताना रिक्षात मला तुझा इतका राग आला की रिक्षावाल्याने दोनदा वळून बघितलं. मी मोठ्याने बोलत होते म्हणे.

तू एका कागदाची एक ओळ कापलीस. त्यामुळे एका बापाने आपल्या लेकीवरचा विश्वास काढून घेतला. मुलुंडच्या त्या हॉलमध्ये बसून हे वाच आणि परत एकदा म्हण, गंमत होती.

आई


सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

देवदत्त,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. आधीचं पत्र परत आलं. पोस्टमनने पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहून आणून दिलं. त्यालाच लाज वाटत होती, मान वर करत नव्हता. ते पाकीट न उघडता यासोबत ठेवलंय. टपालालाही ब्लॉक करता येतं, हे तू मला शिकवलंस.

गणपतीत मी एकटीने घर सांभाळलं, मूर्ती आणली, आरती म्हटली. रेगे वहिनी येऊन टाळ वाजवायच्या. तुमची तिघांची ताटं काढली नाहीत, पण मोदक मात्र सवयीने एकवीस झाले. ते असो. तक्रार करायला पत्र लिहीत नाहीये. म्हणजे करायचीच आहे, पण आज ती तुझी नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तू मला फसवलंस. ते पूर्ण खरं नाही. दोन पत्रं तुझ्यावर चिडून लिहिली, चिडायला तू पुरेसं कारण दिलंस, पण त्या चिडण्याच्या आड मी एक गोष्ट सरकवून ठेवली. गौरी-गणपतीच्या दिवसांत ती मला काही केल्या गप्प बसू देईना.

तुझ्या कागदावरची यादी दोनपासून सुरू होत होती.

दोन, कीप युअरसेल्फ सेफ. तीन, नो युअरसेल्फ. चार, पाच. एक नव्हताच. तू ओळ कापलीस, पण आकडे बदलायचे विसरलास. आणि मी, जिने बत्तीस वर्षं पेपर तपासले, प्रश्नाचा क्रमांक चुकला तरी जिला आधी तो दिसायचा, तिला हे दिसलं नाही असं तुला वाटतं? तू चहा पीत होतास तेव्हाच दिसलं. मी बोट त्या 'दोन'वर टेकवलं सुद्धा. विचारणार होते, एक कुठे गेला? मग तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघत नव्हतास. आणि मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवला.

कारण मला एक नंबरचा अर्थ कळून घ्यायचा नव्हता. कळला असता तर अबोलीला विचारावं लागलं असतं. तुझ्याशी भांडावं लागलं असतं. टिपणीस बाईंसमोर मान खाली घालावी लागली असती, त्याच शाळेत जिथे माझ्या नावाचं निबंधाचं बक्षीस दर वर्षी दिलं जातं. आणि कुणी नावडत्या मुलीला त्रेपन्न वेळा 'स्वतःला जप' म्हणतं का रे? पहिलीच्या पोरालाही कळेल. शाळेत वाचताना मी आकडे गाळले. फक्त अर्थ वाचले. गंधाली उभी राहिली तेव्हा मी तिला 'बाळ' म्हटलं, कारण माणूस खोटं बोलताना फार गोड होतो.

तू बाप म्हणून केलंस, मी आजी म्हणून केलं. फरक इतकाच की मी शाळेला लिहून दिलं, तेही पोरगी आरेहून परत आल्यावर. त्याआधी चौदा दिवस मी सुखाने जेवत होते.

गुरुवारी टिपणीस बाईंना हेही लिहून दिलं, आकड्यांसकट. त्या म्हणाल्या, "बाई, याची काही गरज नव्हती. तुमच्या वयाला कशाला हे?" मी त्यांच्यावरही चिडले. म्हटलं, "वयाचं काय आहे त्यात? बक्षिसावरचं माझं नाव काढा." त्यांनी विषय टाळला. मी उद्या परत जाणार आहे.

तर आता तुझ्यावर ओरडायचा माझा हक्क निम्माच उरला. पण उरलेला निम्मा मी सोडणार नाही. तू ती ओळ कापलीस, देवदत्त. कात्रीने कापलीस की कॉम्प्युटरवर, मला माहीत नाही. पण कापायच्या आधी तू ती वाचलीस. वाचून, अर्थ कळून, कापलीस. तुला तेव्हा काय वाटलं, एवढंच मला सांग.

आई


शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

देवदत्त,

तुझं तीन ओळींचं उत्तर मिळालं. कंपनीच्या कागदावर टाईप केलेलं, इंग्रजीत, खाली सही. 'तुला गप्प बसायला काय झालं होतं? तुझ्या हट्टापायी माझ्या मुलीचं करिअर खराब होईल. यापुढे पत्र पाठवू नकोस.' मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

तरी हे शेवटचं पाठवतेय, कारण यातलं तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

गेल्या शनिवारी अबोली माझ्याकडे आली होती. चोरून नाही. आदल्या दिवशी श्वेताने स्वतः फोन केला. म्हणाली, "आई, ती महिनाभर धड जेवत नाहीये. तुमचं पहिलं पत्र ह्यांनी टीपॉयवर टाकलं होतं, ते तिने वाचलंय. तिला त्या मुलीच्या घरी जायचंय. तुम्ही न्या. ह्यांना काय सांगायचं ते मी बघते." तुझ्या बायकोवर ओरडू नकोस. तुझ्या घरात निदान एका मोठ्या माणसाला लेकीकडे बघायची बुद्धी झाली.

श्वेताने तिला घाटकोपरहून मेट्रोत बसवून दिलं. मी साकीनाक्याच्या जिन्याखाली उभी होते. खूप वाळलीय रे. केस कापलेत. मला बघून पाया पडायला वाकली, तशी कधी पडत नाही.

सोनूबाईंनी दार उघडलं. अबोलीला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि बाजूला झाल्या. गंधाली खाली बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होती. उठली नाही.

अबोली म्हणाली, "सॉरी."

"कशाबद्दल?"

"ते... के वाय एसबद्दल."

"म्हणजे काय?"

अबोलीने माझ्याकडे बघितलं. एकदा तिच्या वतीने बोलून झालं होतं माझं.

गंधालीने खडू खाली ठेवला. "मला नको सांगूस. मला माहितीये ते काय आहे. वर्गात सांग. सगळ्यांना वाटतं मी ड्रामा केला, भाव खायला आरेला गेले. तू उभी राहून सांग, मला काय लिहीत होतीस. आणि मराठीत सांग. इंग्लिशमध्ये ते भारी वाटतं."

"वर्गात?" अबोलीने विचारलं.

"मी ते वर्गातच वाचत होते ना. बाकाखाली फोन धरून."

सुबोध मध्ये पडायला लागला, "जाऊ दे ना गंधा, आली ती एवढी घरी." सोनूबाई म्हणाल्या, "तू गप ऱ्हव. ह्या येळेक चेडवाक बोलू दे." त्याने मान हलवली आणि लेकीच्या बाजूला जाऊन बसला.

अबोली "हो" म्हणाली. मी तिला हो म्हणायला सांगितलं नव्हतं. जिन्यावर मी विचारलं, "जमेल का गं?" ती म्हणाली, "नाही जमणार. पण करते."

काल, गुरुवारी, तिसऱ्या तासाला तिने केलं. तिचा दाखला तुम्ही अजून नेलेला नाही, नाव पटावर आहे, म्हणून टिपणीस बाईंनी वर्गात येऊ दिलं. श्वेता रजा टाकून तिला घेऊन आली होती. आम्ही दोघी शेवटच्या बाकावर बसलो. वर्गातल्या मुली वळून वळून बघत होत्या.

अबोली फळ्यासमोर उभी राहिली. हात मागे बांधले होते. ती म्हणाली, "मी गंधालीला ग्रुपवर एकोणीस वेळा लिहिलं, तू जीव दे. पहिल्यांदा मीच लिहिलं. बाकीच्यांनी माझं बघून लिहिलं. ती आजारी असताना लिहिलं. तिच्या वाढदिवसाला लिहिलं. माझ्या घरच्यांनी शाळेत सांगितलं, त्याचा अर्थ वेगळा आहे. तो वेगळा नव्हता. मला माहीत होता. गंधाली खरं बोलत होती."

खिडकीपाशी एक मुलगी फिस्सकन हसली. कुणी साथ दिली नाही, तिचं हसू तिच्याच तोंडात अडकलं. 'माझ्या घरच्यांनी' म्हणताना अबोलीने तुझं नाव घेतलं नाही, माझंही नाही. मीच उभी राहिले. बत्तीस वर्षं ज्या वर्गात इतरांना उभं केलं, तिथे उभी राहिले आणि म्हटलं, "तो कागद मी वाचला होता. एक नंबरचा अर्थ गाळून. गंधालीला खाली बस म्हटलं होतं, ते चुकीचं होतं." गुडघ्यांमुळे परत बसायला जरा वेळ लागला. श्वेता शेजारी रडत होती, पदर नसल्यामुळे ओढणीने.

गंधाली दुसऱ्या बाकावर होती. सगळा वेळ समोरच्या वहीकडे बघत होती, अबोलीकडे एकदाही नाही. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. ती तास संपला तशी उठली, फळा पुसला, कोपऱ्यात पुढच्या तासाचा विषय आणि पटसंख्या लिहिली. टिपणीस बाई माझ्या कानात म्हणाल्या, "एक ऑगस्टपासून तिने मॉनिटरचं काम सोडलं होतं." पटसंख्येत तिने अबोलीला धरलं होतं की नाही, ते मला एवढ्या लांबून वाचता आलं नाही.

मैत्री वगैरे काही झालेली नाही. होईल असंही वाटत नाही. मुलुंडला जाताना अबोली श्वेताला म्हणाली, मला याच शाळेत दहावी करायचीय. ते तुम्ही दोघं ठरवा. करिअरचं मला कळत नाही, पण एवढं सांगते, काल तिथे उभी राहिलेली मुलगी खराब झालेली नाही. तू ती बघितली नाहीस, हे मात्र मला फार लागलंय. त्या खोलीत बापाची एक खुर्ची रिकामी राहिली.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. जाईल असंही आज सांगवत नाही. मला अनब्लॉक कर असंही मी म्हणणार नाही, ते तुझं तू बघ. मला तुझ्याकडून एकच हवंय.

साकीनाका मेट्रोला उतर. स्टेशनच्या मागच्या वर्कशॉपच्या गल्लीत शिर, पत्रा कापायच्या मशीनच्या बाजूचा जिना, पहिला मजला, खोली नंबर अकरा. दारावर घाडी लिहिलंय. सुबोध साडेसातला कामावरून येतो, त्याआधी जाऊ नकोस, नाहीतर मुलीला एकटीला तुझ्यासमोर बसावं लागेल. गाडी घेऊन जाऊ नकोस, गल्लीत वळत नाही. श्वेताला सोबत नेऊ नकोस, मला बोलावू नकोस. एकटा जा.

दार सोनूबाई उघडतील. त्या तुला आत घेतील की नाही, ते मला सांगता येत नाही.

आई